एका दाताची चूक

हसू नका, पण माझं नावच टेन्शनर. तुमच्या तोंडी उठता-बसता जे टेन्शन असतं, त्याच्याशी माझी लांबची सोयरीक असेलही. पण तुमचं टेन्शन चहा प्यायला की थोडं उतरतं. माझं उतरलं तर इंजिन जातं.

मोटरसायकलच्या इंजिनात, सिलिंडरच्या पाठीला, दोन बोल्टांनी मला बसवलेलं असतं. करंगळीएवढा माझा दांडा आत डोकावतो आणि टायमिंग चेनच्या पाठीवर सतत दाब देत राहतो. ही साखळी खालच्या, पिस्टन हलवणाऱ्या क्रँकला वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दातेरी चक्राशी बांधून ठेवते. खाली पिस्टन कुठवर आलाय, हे वरच्या व्हॉल्व्हना तिच्यामुळंच कळतं. ती सैल पडून चक्रावरचा एखादा दात जरी चुकली, तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका जागी एकाच वेळी पोचतात. अरुंद जिन्यात खालून कपाट चढवणारे आणि वरून पलंग उतरवणारे समोरासमोर यावेत, तसं. फक्त इथं कुणी ‘आधी तुम्ही’ म्हणत नाही.

माझ्या पोटात गुंडाळलेली एक स्प्रिंग आहे. तिला एकच गोष्ट कळते, पुढं. साखळी झिजून लांबली की मी केसभर पुढं सरतो. मागं सरणं मला येत नाही. ढकला, ठोका, शिव्या घाला, नाही म्हणजे नाही. मला आत घ्यायचा मार्ग एकच. माझ्या पाठीवर एक बारका बोल्ट आहे. तो काढायचा, आत बारीक स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि हलकेच उजवीकडं फिरवायचं. मग मी गोगलगायीसारखा आत जातो. पण स्क्रूड्रायव्हर तसाच धरून ठेवावा लागतो. सोडला की फटकन मी बाहेर. लोक याला माझा हट्ट म्हणतात. मला घडवलंच असं, त्याला मी काय करू?

जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण तिथं कुणालाच उसंत नव्हती. तापलेलं ॲल्युमिनियम साच्यात पडलं, कुणी भोकं पाडली, कुणी स्प्रिंग भरली, कुणी दांडा दोनदा आतबाहेर करून ‘चालेल’ म्हणालं. तेवढंच माझं बारसं.

माझा पहिला मालक घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडायचा. माणूस अबोल, गाडीशीही अबोल. तेल बदलायचं त्याच्या कधी ध्यानातच यायचं नाही. काळ्या, दाट तेलात मी वर्षानुवर्षं ढकलत राहिलो. शेवटी शेवटी सकाळी गाडी चालू केली की साखळीतून कर्र कर्र आवाज यायचा. तो त्यानं ऐकला आणि गाडी विकून टाकली. विकत घेतली ती दादानं.

दादा हे त्याचं नाव नव्हे. त्याची धाकटी बहीण चिंगी त्याला दादा म्हणायची, म्हणून माझ्यासाठीही तो दादाच. त्याची बायको चिंगीची वहिनी, म्हणून माझीही वहिनीच. तिघं एका बैठ्या घरात राहायचे. घराला रस्त्याच्या बाजूनं शटरची एक खोली होती. तिच्या एका कोपऱ्यात वहिनीचं शिलाई मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात आमची गाडी. वहिनी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. चिंगी एका तपासणी प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढून आणायची. दादा म्हणायचा, “आमच्या घरात दोन सुया. एक कापडात, एक माणसात.” तो असा गमत्या होता, हे मान्य करायला हवं.

पण त्याला दम धरवत नसे. ड्रॉवर अडला की लाथ. बरणीचं झाकण फिरेना की दाराच्या फटीत धरून पिळायचं. किल्ली लागेना की कुलूपच वाईट. नोकरीतही तेच. एक सोडली, दुसरी सुटली, तिसरीत साहेबाशी भांडण.

माझी कर्र कर्र त्याला सहन होईना. त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, नवी साखळी आणली, सिलिंडर बसवला, त्यावर हेड बसवलं. खरं सांगतो, इथवर काम वाईट नव्हतं. उरलो मी.

त्यानं मला जागेवर धरलं आणि दाबलं. मी आत जाईना. त्यानं आणखी दाबलं. मग हातोडी घेतली.

“अहो, त्याला आत घ्यायची काहीतरी युक्ती असेल,” वहिनी मशीनवरून म्हणाली.

“युक्ती-बिक्ती काही नाही. आडमुठा आहे.”

दोन घाव माझ्या कानावर बसले. कान म्हणजे बोल्ट जातो ती कड. तिथं धातूचा बारीक कंगोरा वर आला. मग तर मला सपाट बसणंच शक्य नव्हतं. दादानं मला भिरकावलं. मी भिंतीला लागून मशीनखाली, कापडाच्या चिंध्यांत जाऊन पडलो. वहिनीनं मला उचललं, पुसलं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं.

त्या आठवड्यातच दादा काम शोधायला दुसऱ्या गावी गेला. “बस्तान बसलं की बोलावतो,” म्हणाला. गाडी तशीच उघडी राहिली. साखळी आत पडू नये म्हणून तारेनं बांधलेली, वरून फडकं.

डब्यातले ते दिवस मी कुणालाही देणार नाही. तुम्हाला वाटेल, विश्रांती मिळाली. माझा दांडा पूर्ण बाहेर आलेला, समोर काहीच नाही, आणि स्प्रिंग तरी म्हणतेय पुढं, पुढं. कशाला पुढं? अंधाराला? आजूबाजूची बटणं निवांत पडलेली. मी मात्र ताठ. कुणी डबा हलवला की वाटे, आता काढतील. वहिनी दोन पांढरी बटणं काढी आणि झाकण लावून टाकी.

दादाचे फोन आधी रोज यायचे. मग आठवड्यानं. त्या खोलीत फोनला रेंज फक्त शटरपाशी मिळायची आणि शटरपाशीच वहिनीचं मशीन. त्यामुळं खोलीत कुणाचंच काही लपून राहत नसे. एकदा भरदुपारी चिंगीनं फोन लावला. स्पीकर चालू ठेवून बोलायची तिला सवय होती.

“दादा, कधी येतोयस?”

“येत नाहीये.”

“म्हणजे पुढच्या महिन्यात?”

“म्हणजे येतच नाहीये, चिंगे. माझं इथं… वेगळं सुरू झालंय सगळं. तिला तू सांग.”

“मी का सांगू? तू सांग!”

फोन बंद झाला. मशीन चालूच होतं. पडद्याची दुमड पुढं पुढं जात होती.

“वहिनी…”

“काही सांगायला नको. ऐकलं मी.”

ती दुमड वहिनीला नंतर सगळी उसवावी लागली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. दोघी एकमेकींच्या वाटेत येत राहिल्या. चिंगीला भावाची लाज वाटत होती आणि लाजेचा तिच्याकडं रागच व्हायचा. वहिनीच्या आईचा फोन यायचा, “तिथं कुणासाठी राहतेस आता?” वहिनी म्हणायची, “हातातलं काम संपवते आणि येते.” कपाटावरून बॅग खाली आली. एकेक करून कपडे तिच्यात जाऊ लागले.

त्यातच प्रयोगशाळेच्या मॅडमनी चिंगीला बजावलं. पायी हिंडून रक्त वेळेत पोचत नाही, उन्हानं नमुने खराब होतात. येत्या एक तारखेपासून स्वतःचं वाहन नसेल तर दुसरी मुलगी बघू. चिंगी मेकॅनिककडं गेली. तो म्हणाला, “दुसऱ्यानं उघडलेल्या इंजिनाला मी हात लावत नाही.”

“हे धूड भंगारात दे,” वहिनी म्हणाली. “माझी अर्धी खोली अडवलीय त्यानं.”

“माझी नोकरी आहे त्याच्यावर.”

“तुझ्या भावाचं एक तरी काम आजवर पूर्ण झालंय का?”

“माझ्या भावाचं मला कशाला ऐकवतेस? नवरा तुझा होता!”

त्यातला ‘होता’ वहिनीनं नेमका ऐकला. मग वहिनी अगदी हळू म्हणाली, “तेच म्हणतेय मी. आता मी इथं कुठल्या नात्यानं राहू?”

चिंगी शटर उचलून बाहेर गेली.

त्या रविवारी सकाळी तिनं मला डब्यातून काढलं. फोनवर कुठलंसं चित्र बघून तिला पाठीवरच्या बोल्टाचा शोध लागला होता. तिनं स्क्रूड्रायव्हर घातला, उजवीकडं फिरवला आणि मी आत गेलो. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी नीट वागलं! पण एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात मी, मग बोल्ट कशानं लावणार? तिनं एक बोल्ट दातात धरला. हात निसटला आणि मी फटकन बाहेर. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. चौथ्या-पाचव्या वेळी मी तिच्या बोटावर आपटलो. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बोट फार दुखलं होतं असं नाही.

मशीन थांबलं.

“दोन हातांचं काम नाहीये ते,” वहिनी म्हणाली. “सरक.”

तिनं स्वतःच्या मशीनचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणला. तो माझ्या पाठीत असा चपखल बसला की मी उगाच लढलोही नाही. वहिनीनं मला आत घेऊन धरलं, चिंगीनं बोल्ट लावले. पण मी एका बाजूनं उचललेलाच राहिलो.

“थांब,” चिंगी म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि माझ्या कडेवरून बोट फिरवलं. रोज माणसांच्या दंडावर लपलेली शीर शोधणारं बोट ते. “इथं काहीतरी वर आलंय. दिसत नाही, पण आहे.”

“हातोडीचा घाव,” वहिनी म्हणाली.

नखं घासायच्या कानशीनं चिंगीनं तो कंगोरा हळूहळू घासून काढला. त्या घावानंतर मी पहिल्यांदाच सपाट झालो. मग त्यांनी क्रँकची खूण जागेवर आणली, वरच्या चक्रावरची रेघ हेडच्या कडेला सरळ धरली, साखळी चढवली. मला बसवलं. बोल्ट आवळले. वहिनीनं स्क्रूड्रायव्हर सोडला आणि मी टक्कन साखळीवर जाऊन टेकलो.

“बसला!” चिंगीनं टाळी वाजवली. वहिनीसुद्धा हसली. दोघी हात धुवायला गेल्या.

आणि मला धस्स झालं.

साखळी पुढच्या बाजूनं सैल राहिली होती. मी दाब देताच तो सैलपणा माझ्याकडं ओढला गेला आणि वरचं चक्र किंचित फिरलं. सरळ असलेली रेघ कलली. एक दात. फक्त एक. कुणी पाहिलंच नव्हतं. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता, चिंगी गुणगुणत होती, आणि मी त्या चुकीच्या साखळीला जिवाच्या आकांतानं ताणून धरलं होतं. ओरडायचं तर कसं? माझ्याकडं दाबण्याशिवाय दुसरी भाषा नाही. आता ती किक मारणार. पिस्टन वर येईल, व्हॉल्व्ह वाकतील, आणि एक तारीख दोनच दिवसांवर आलेली.

चिंगी ओले हात पुसतच आली. “मारू किक?”

“झाकण तरी लाव.”

“नंतर लावते. आधी आवाज ऐकू दे.”

“ए, थांब. दुरुस्त केलेलं मशीन मी आधी दोरा न घालता हातानं फिरवून बघते. हे पण फिरव.”

चिंगीनं कुरकुरत क्रँकला पाना लावला आणि फिरवू लागली. पिस्टन वर येऊ लागला. वरचा व्हॉल्व्ह अजून मिटला नव्हता. दोघं एकमेकांना टेकले. पाना अडला.

“घट्ट आहे. नव्या रिंगा आहेत ना,” चिंगी म्हणाली. “पाइप लावून जोर देते.”

नको! मी म्हणत होतो. नको, नको. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा.

“चिंगे, ते इंजिन आहे ना अजून? इथं एक गिऱ्हाईक मिळालंय, सुटे भाग घेतो म्हणतो.”

“आम्ही ते जोडतोय.”

“कोण आम्ही?” तो हसला. “बरं, कुठवर आलंय?”

“फिरताना अडतंय.”

“मग उभी राहा आणि मार दणकून किक. सुटेल. नाही तरी काय बिघडायचं राहिलंय त्याचं!”

चिंगी पान्याकडं बघत राहिली. लहानपणापासून तिनं या माणसाचंच ऐकलं होतं. गाडी चालवायला, पोहायला, भांडायला त्यानंच शिकवलं होतं. तिनं किकवर पाय ठेवला.

वहिनीनं तिच्या हातातून फोन घेतला. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

“जोर नाही लावायचा आता,” ती म्हणाली. एवढंच. आणि फोन पडद्यांच्या ढिगावर पालथा घातला.

चिंगीचा पाय किकवरून खाली आला.

“मशीन अडलं की मी आधी थांबते,” वहिनी म्हणाली. “कशाला अडलंय ते बघते. चल, ती रेघ पुन्हा बघू.”

त्यांनी पाना जरासा उलटा घेतला, मग खालची खूण परत जागेवर आणली. दोघींची डोकी एकमेकींना लागली इतक्या जवळून त्या वाकून बघत होत्या. रेघ कललेली.

“मीच धरली होती ती,” चिंगी म्हणाली. “किक मारली असती तर…”

“मारली नाहीस ना? मग झालं. उसव.”

शिवणाऱ्या बाईनं इंजिनाला ‘उसव’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला पुन्हा बाहेर काढलं, पण यावेळी मी काही त्रास दिला नाही. चिंगीनं पुढची बाजू आकड्यानं ताणून धरली, वहिनीनं चक्र एक दात मागं घेतलं. मला आत घेतलं, आवळलं, सोडलं. रेघ हलली नाही. त्यांनी पाना फिरवला. एक फेरा, दोन फेरे. कुठंच अडलं नाही. पुन्हा रेघ पाहिली. मग पुन्हा एकदा, कारण आता दोघींचाही स्वतःवर विश्वास नव्हता.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पहिल्या दोन श्वासांना मी कर्र केलं, मग तेल वर आलं आणि साखळी सुतासारखी धावू लागली. धुरानं खोली भरली. शेजारच्या आजी शटरात येऊन ओरडल्या, “आग लागली का गं?” चिंगी धुरात उभी राहून “नाही, नाही!” म्हणत हसत होती. वहिनी पडदे झाकायला धावली.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं सुरळीत झालं. नाही झालं. हातातलं काम संपलं तशी वहिनी बॅग घेऊन निघाली. चिंगीनं तिला याच गाडीवरून स्टँडवर सोडलं. परतताना चिंगीनं गाडी अशी पळवली की मला धाप लागली. नोकरी टिकली होती, नमुने वेळेत पोचत होते. पण खोलीत मशीनचा आवाज नव्हता. इंजिन निवलं तरी मला चैन पडेना. चिंगी येऊन शटर ओढी आणि वहिनीच्या रिकाम्या स्टुलावर हेल्मेट ठेवी. मग तेही उचलून दुसरीकडं ठेवी.

अशा बऱ्याच सकाळी-संध्याकाळी गेल्या. मग एकदा काम संपल्यावर तिनं नेहमीचं वळण घेतलं नाही. स्टँडवर जाऊन उभी राहिली. बसमधून वहिनी उतरली. तीच बॅग आणि शिवाय कापडाचं एक गाठोडं.

“आई म्हणाली, राहा. आणि भाऊ म्हणाला, राहा,” वहिनी म्हणाली. “पण तिथं सगळे मला सांभाळूनच घ्यायला लागले गं. कुणी भांडेचना.”

“मी भांडते,” चिंगी म्हणाली.

“माहितीये. म्हणून तर आले.”

आता माझंही वय झालंय. नव्या साखळीचं नवेपण गेलं, स्प्रिंगमध्ये पहिला जोर नाही. थंडीत सकाळी मी थोडी कुरकुर करतो. चिंगी लगेच कान देते, वेळेवर तेल बदलते. कधी तरी माझ्या जागी दुसरा येईल, हे मला कळतं. त्याला बसवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. आमच्यातला कुणी अडून बसला, तर त्याला आडमुठा म्हणण्याआधी घडीभर थांबा. तो काहीतरी सांगत असतो. आणि इंजिन आधी हातानं फिरवा.

निघण्यापूर्वी कालचं तेवढं सांगतो. पडदे पोचवायचे होते म्हणून वहिनी मागं बसली होती. वाटेत चिंगी एका म्हाताऱ्या आजोबांचं रक्त काढायला थांबली. आजोबा आयुष्यभर बँकेत हिशेब तपासत आलेले. दंडावर कापूस दाबत ते फाटकापर्यंत सोडायला आले.

“ह्या कोण?” त्यांनी विचारलं.

“वहिनी.”

“अच्छा. भाऊ काय करतो?”

वहिनी दुसरीकडं बघू लागली. चिंगीनं बर्फाची पेटी बांधली, बेल्ट ओढून पाहिला.

“भाऊ नाही मला,” ती म्हणाली. “वहिनी आहे.”

“असं कसं?” आजोबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा हिशेब काही त्यांना जुळेना.

“असंच आहे, आजोबा. कापूस अजून जरा वेळ दाबून ठेवा.”

मागून वहिनीनं तिच्या खांद्यावर हात टेकला. “चल गं. ऊन चढतंय.”

चिंगीनं किक मारली, आणि मी साखळीला टेकलो.